अब्बांना सगळं सांगितलंय

तुम्ही रुग्ण असाल तर हे आजच वाचा. नातेवाईक असाल तर थोडं थांबा आणि एकटे असाल तेव्हा वाचा, कारण मी तुमच्याबद्दल गोड बोलणार नाहीये.

माझ्या हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. साध्या विषाणूच्या तापानंतर कधीकधी येते. त्याची पुस्तकी माहिती तुम्हाला फोनवर मिळेल. जी मिळणार नाही ती मी लिहिते. माझ्या छातीत काय चाललंय हे डॉक्टरांना माहीत होतं. अब्बांना माहीत होतं. अम्मालाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत मी पहाटे उठून सौदीतल्या खोबरच्या समुद्रकाठी छाती फुटेस्तोवर शर्यतीचा सराव करत होते.

वाळवंटात स्कीइंग

हो, स्कीइंगच. हसून घ्या. वॉर्डातली केरळची सिस्टर पण हसली होती. "बर्फ कहाँ है? फ्रिज में?" असं तिने विचारलं होतं.

स्कीच्या आखूड पट्ट्यांना चाकं लावून रस्त्यावर करायचं स्कीइंग असतं. थंड देशांतले खेळाडू उन्हाळ्यात त्यावर सराव करतात. आमच्याकडे बारा महिने उन्हाळाच, त्यामुळे आमचा मोसम कधी संपतच नाही. मला हे शिकवलं हेन्रिकने. तो स्वीडनचा. त्याची बायको धाहरानच्या कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ आहे. तो तिच्याबरोबर आला आणि कंपनीच्या वसाहतीत, कॅम्पात, घर सांभाळतो. कधीकाळी तो आपल्या देशासाठी स्प्रिंट स्कीइंग करायचा. ही लांब पल्ल्याची रेंगाळणारी शर्यत नव्हे. तीन-साडेतीन मिनिटांचा खेळ, एका फेरीत सहा जण, कोपर लावून वळण घ्यायचं, शेवटच्या चढावर जीव काढायचा, पहिले दोघे पुढे जाणार. एकाच दिवसात असं चार वेळा.

मी दम्मामच्या इंडियन स्कूलमध्ये लहान वर्गांना शिकवते. अब्बा धाहरानला कंपनीची बस चालवतात. हेन्रिकच्या बायकोनेच बसमध्ये अब्बांना सांगितलं होतं की तिचा नवरा फुकट शिकवतो आणि मुलींनाही घेतो. अब्बा घरी येऊन म्हणाले, "झीनत गो, चाकांवर पळायचंय काय? नाहीतरी तुझा पाय जमिनीवर कधी असतो!"

हे लक्षात ठेवा. मला तिथे पाठवणारे अब्बाच होते.

दोन वर्षांत मी त्या गटातली सगळ्यात वेगवान झाले. हेन्रिक त्याच्या गावच्या जुन्या क्लबशी बोलला. हिवाळ्यात मी तिकडे जाणार होते, खऱ्या बर्फावर. भारताच्या नावाने शर्यतीत उतरता येईल इतपत गुण मिळवायचे, असं ठरलं होतं. माझं सगळं त्या हिवाळ्यावर लागलेलं होतं.

पत्रकं

मी मराठी वाचायला शाळेत शिकले नाही, अब्बांच्या पत्रकांवर शिकले. तरुणपणी ते श्रीवर्धनकडे पत्रकं काढायचे, वाटायचे आणि त्यासाठी मारही खायचे. हुंड्याविरुद्ध, जमातीच्या बहिष्काराविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी. इथे पत्रकं काढता येत नाहीत, म्हणून त्यांनी जुना गठ्ठा ट्रंकेत घालून आणला आणि मला वाचायला बसवलं. माझ्या मैत्रिणी परीकथा वाचत होत्या तेव्हा मी "बंधू-भगिनींनो, जागे व्हा" वाचत होते. एका पत्रकातलं वाक्य मला अजून पाठ आहे: "लोक काय म्हणतील असं विचारणारा माणूस आपली मान आधीच लोकांच्या हाती देऊन बसलेला असतो."

अब्बांनी लिहिलेलं. मला वाटायचं, यापेक्षा मोठा लेखक जगात नसेल.

तपासणीचा दिवस

शाळेत तापाची साथ आली आणि मलाही ताप आला. आठवड्याने उतरला, पण जिना चढताना धाप लागायची, रात्री छातीत टोचायचं. अब्बा मला सावंत डॉक्टरांकडे घेऊन गेले. सावंत मॅडम कोल्हापूरच्या. दम्मामच्या एका खाजगी रुग्णालयात हृदयविकाराच्या डॉक्टर. आपली भाषा, आपलं माणूस. रिसेप्शनवर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दाखवून आत गेलो तेव्हा त्या अब्बांना म्हणाल्या, "या, या, कोकणातली माणसं आली की मासे कुठले चांगले ते तरी कळतं." आम्ही हसलो. मला बरं वाटलं.

छातीवर थंड जेल लावून त्यांनी सोनोग्राफी केली. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुसून घे, कपडे कर," आणि बाहेर गेल्या. मी पडद्याआड बटणं लावत होते तेव्हा त्या बाहेर पॅसेजमध्ये अब्बांशी बोलत होत्या. मी आले तेव्हा बोलणं संपलेलं होतं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

"काळजी नको करू हं. गोळ्या वेळेवर घे. अब्बांना सगळं सांगितलंय."

मी विचारलं नाही, "मला का नाही?" मला ते खटकलंही नाही. लहानपणापासून असंच बघत आले होते. डॉक्टर पॅसेजमध्ये घरच्या मोठ्या माणसाला बोलावतात, आतला माणूस छताकडे बघत पडलेला असतो.

गाडीत अब्बा म्हणाले, "अशक्तपणा आलाय. ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

तुम्ही विचाराल, शिकलेली मुलगी, गोळीचं नाव वाचलं नाहीस? नाही वाचलं. सकाळी अब्बा तळहातावर गोळी आणून द्यायचे, मी पाण्याबरोबर घ्यायचे. बापाच्या हातातली गोळी कोण तपासून घेतं?

हेन्रिकचे तीन प्रश्न

हेन्रिक सराव सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचा. ताप? घसा? छाती? यातलं एकही "हो" असलं तर परत पाठवायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो, त्याला इमिग्रेशन ऑफिसर म्हणायचो.

मी परत गेले तेव्हा मला जे माहीत होतं ते त्याला सांगितलं. ताप उतरलाय, मध्ये छातीत टोचत होतं, डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा आहे.

"डॉक्टर तुला असं म्हणाली?"

"अब्बांना म्हणाली."

तो म्हणाला, "आमच्याकडे डॉक्टर रुग्णाला सांगतात."

मला राग आला. गोऱ्या माणसाने माझ्या घराला नावं ठेवावीत? मी म्हटलं, "आमच्याकडे वडिलांना सांगतात. माझे वडील माझ्याशी खोटं बोलत नाहीत."

त्याने मान हलवली. पहिले काही आठवडे त्याने मला हळूच चालवलं. मग मीच हट्टाने वेग वाढवला. का, ते आता सांगते.

लोक काय म्हणतील

माझं सरावाला जाणं पुन्हा सुरू झालं आणि घरात अब्बा बदलले. पहाटे गाडी काढायची वेळ आली की त्यांची पाठ दुखायची. मी टॅक्सी बोलावली तर म्हणायचे, पैसे वर आलेत काय. एकदा माझे स्की बूट गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सापडले. आणि एका सकाळी चहा पिताना, बशीत बघत, ते म्हणाले, "पुरे आता. मुलीच्या जातीने पहाटे रस्त्यावर पळायचं... जुबैलची माणसं यायची आहेत बघायला. लोक काय म्हणतील?"

मला आधी वाटलं ते गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत.

"अब्बा, हे तुम्ही बोलताय?"

"मीच बोलतोय. बाप आहे मी."

"मग ट्रंकेतलं ते कोणी लिहिलं होतं? मान लोकांच्या हाती देणारं?"

"तेव्हा मला मुलगी नव्हती," अब्बा म्हणाले.

अम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, "झीनत, बापाच्या तोंडाला लागू नको!" मी लागले. जे जे त्यांनी मला शिकवलं होतं ते सगळं त्यांच्या अंगावर फेकलं. माझ्या दृष्टीने तो साधा सरळ लढा होता. एक बाई, तिचा हक्क आणि समोर बदललेला बाप. अशा वेळी माघार घ्यायची नसते हे मला कोणी शिकवलं होतं? त्यांनीच. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा जोरात पळाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी जोरात. छातीत टोचलं तरी दात आवळून पळत राहिले, कारण थांबणं म्हणजे अब्बांचं म्हणणं मान्य करणं.

आता कळतं की ते मला वाचवायलाच बघत होते. सूज उतरेपर्यंत पळायचं नाही, पळाली तर जीव जाऊ शकतो, असं सावंत मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते एक वाक्य माझ्यापर्यंत आणणं त्यांना जमलं नाही. त्याऐवजी त्यांनी जुनाट बापाचं सोंग घेतलं आणि माझ्याविरुद्ध ते चालेल असं त्यांना वाटलं. मला वाढवणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं की "तुझं हृदय आजारी आहे" म्हटलं असतं तर मी बसले असते. "लोक काय म्हणतील" म्हटल्यावर मी कशी बसणार?

कोसळले तो दिवस

त्या दिवशी हेन्रिकने फेऱ्या लावल्या होत्या. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावर मी पुढे होते. समुद्र उजवीकडे होता, तो डावीकडे गेला, मग वर आला. बस, एवढंच आठवतं. बाकीचं इतरांनी सांगितलं. हेन्रिक रस्त्यावर गुडघे टेकून माझी छाती दाबत होता. व्यायामाला आलेल्या एका सौदी बाईने आपल्या भावाला फोन करून जवळच्या मॉलच्या सुरक्षा चौकीतलं हृदयाला झटका देणारं यंत्र मागवलं. तिचं नाव मला माहीत नाही. तिच्यासाठी मी रोज दुआ मागते.

अतिदक्षता विभागात जागी झाले तेव्हा घशात नळी टोचल्यासारखं दुखत होतं आणि बरगड्या मोडल्यासारख्या वाटत होत्या. दोन तर मोडल्याच होत्या. संध्याकाळी सावंत मॅडम आल्या. शेजारी अब्बा होते. मॅडम प्रेमाने, थोडं रागावून म्हणाल्या, "अगं बाळा, पळायचं नाही असं सांगितलं होतं ना? तरी गेलीस?"

मी म्हटलं, "कोणी सांगितलं होतं?"

त्यांनी अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी मॉनिटरकडे पाहिलं. त्यावर माझंच हृदय चालू होतं, हिरव्या रेघेत, सगळ्यांना दिसेल असं.

"तुम्ही हिला..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

त्या थांबण्यात मला सगळं कळलं. माझं निदान झालं ते त्या क्षणी. त्याआधी झालं ते माझं नव्हतं, माझ्याविषयी होतं.

अम्मा आली तेव्हा मी तिला विचारलं. ती डबा उघडत होती. "मला ठाव होतं," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"मेले असते, अम्मा."

"अल्ला करो तसं न होवो. खा आता. पेज आणलीय." आणि ती रडायला लागली. मला तिचे डोळे पुसावे लागले, सलाइनची सुई लावलेल्या हाताने.

हेन्रिकचं करिअर

वॉर्डात हलवल्यावर भेटण्याच्या वेळेत हेन्रिक बायकोला घेऊन आला. मला वाटलं तो माझ्यावर भडकेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी तुला माझ्या शर्यती सांगितल्यात. शेवटची नाही सांगितली."

त्याचं गाव इतकं उत्तरेला की अर्धं वर्ष बर्फ. शाळेत स्कीवरून जायचं. पंधराव्या वर्षी तो मोठ्यांना हरवायला लागला, विशीनंतर राष्ट्रीय संघात आला. शहरांच्या रस्त्यांवर ट्रकने बर्फ ओतून शर्यती व्हायच्या, दिव्यांखाली, हजारो माणसं ओरडत असायची. एका मोसमात तो जवळजवळ प्रत्येक अंतिम फेरीत होता. तीनदा व्यासपीठावर उभा राहिला. वर्तमानपत्रं म्हणत होती, जागतिक स्पर्धेत याचं पदक नक्की.

स्पर्धेच्या तोंडावर त्याला ताप आला आणि उतरला. संघाच्या डॉक्टरने रक्त तपासलं. निकाल डॉक्टरने प्रमुखाला सांगितला, प्रमुखाने हेन्रिकला. "तू ठणठणीत आहेस. तुझ्यावर सगळ्यांची भिस्त आहे."

"आणि तू ठणठणीत नव्हतास," मी म्हटलं.

"उपांत्य फेरीत शेवटच्या चढावर माझे पाय गेले. मी सहावा आलो. रात्री मला इस्पितळात नेलं."

त्याच्याही हृदयाला सूज होती. दीड वर्षाने तो परतला. तपासण्या चांगल्या होत्या, वेळ पूर्वीइतकीच होती, पण काहीतरी गेलं होतं. "स्प्रिंटमध्ये मागच्याचा आवाज ऐकायचा असतो," तो म्हणाला. "त्याची काठी कुठे पडते, श्वास कसा आहे. मी परतल्यावर फक्त माझी छाती ऐकत होतो. प्रत्येक चढावर. तोवर दोघं पुढे निघून जायचे." दोन मोसम तो पहिल्याच फेरीत बाद होत राहिला. मग सोडलं. संघाने जेवण दिलं, काचेची फुलदाणी दिली. प्रमुखाने भाषण केलं की हेन्रिक हा धैर्याचा नमुना आहे. माफी कोणी मागितली नाही.

"तुमच्याकडे डॉक्टर रुग्णाला सांगतात म्हणाला होतास," मी म्हटलं. मला बोचरं बोलायचं होतं.

"नियम तसा आहे," तो म्हणाला. "पण माझ्याकडून त्यांना पदक हवं होतं. ज्याला तुझ्याकडून काही हवं असतं त्याच्या तोंडून तुझ्या तब्येतीची बातमी घ्यायची नाही. हे मला तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी फक्त टोमणा मारला."

सिस्टर आत डोकावली. "मॅडम, टाइम खलास. और सर, अगली बार बर्फ लेके आना।" हेन्रिकला काही कळलं नाही, पण मी हसले आणि बरगड्या इतक्या दुखल्या की डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यातलं माझं पहिलं हसू.

अब्बांकडून काय हवं होतं

मग मी अब्बांना तेच विचारलं. तुम्हाला माझ्याकडून काय हवं होतं?

ते म्हणाले, "जुबैलचं स्थळ. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे. मुलीला हृदयाचं दुखणं म्हटलं की संपलं. उद्या सगळ्या कोकणी घरांत बातमी झाली असती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, काही महिन्यांत बरी होईल. म्हटलं, बरी होणारच आहे तर बोभाटा कशाला?"

"मला सांगणं म्हणजे बोभाटा?"

"तू गप्प बसली असतीस? तू त्यांना तोंडावर सांगितलं असतंस."

हे खरं आहे. मी सांगितलं असतं. त्यांनीच तसं वाढवलं होतं. म्हणजे माझ्यातला जो गुण त्यांनी स्वतःच्या हाताने घडवला, त्याचीच त्यांना भीती वाटली आणि त्या भीतीपायी त्यांनी माझा जीव पणाला लावला. दुश्मनाने केलं असतं तर मी पत्रक काढलं असतं. बापाविरुद्ध कसलं पत्रक काढायचं?

हेच ते. तुम्ही वाचताय तेच.

माझी तपासणी, माझी खुर्ची

काही महिन्यांनी हृदयाचा सविस्तर स्कॅन झाला. निकालाच्या दिवशी अब्बांनी सुट्टी घेतली आणि गाडी काढली. सावंत मॅडमच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या. आम्ही बसलो. मॅडमनी स्क्रीन वळवली आणि तोंड उघडण्यापूर्वी अब्बांकडे पाहिलं. सवयीने. वाईट बाई नाहीत त्या. चांगली माणसंच हे करतात, म्हणून ते इतकी वर्षं चालतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हृदय इकडे आहे."

त्या ओशाळल्या. मी अब्बांना म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा."

"झीनत, मी काही बोलणार नाही. नुसता ऐकतो."

"तेच नकोय."

ते उठले. उठताना खुर्चीच्या पाठीला धरावं लागलं त्यांना. दार बंद झालं आणि आयुष्यात पहिल्यांदा निकाल ऐकायला मी डॉक्टरांपुढे एकटी होते. मॅडम माझ्याकडे बघून बोलल्या. सूज गेलीय. डाग राहिलाय. तो जाणार नाही. चालायचं, पोहायचं हळूहळू, शिकवायचं, संसार करायचा, सगळं. स्पर्धा नाही. वेगाची कुठलीच नाही. कधीच नाही.

"सुरुवातीलाच थांबले असते तर डाग राहिला असता?"

त्यांनी पेन ठेवलं. "खात्रीने नाही सांगता येत. कदाचित राहिला नसता." आणि मग, हळू आवाजात, "मी तुला सांगायला हवं होतं. चुकले मी."

हेन्रिकला जे त्याच्या देशात मिळालं नाही ते मला मिळालं. त्याने डाग गेला नाही. तरी मिळालं, ही नोंद इथे असू दे.

आजारी असाल तर तुम्हीही एवढंच करा. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत म्हणा, जे आहे ते आधी मला सांगा. घाबरलात तर घाबरा. ती भीती तुमची आहे, ती दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका.

मी बाहेर आले. अब्बा पॅसेजमध्ये उभेच होते, बसले नव्हते. "काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. डागाचं सांगितलं, बर्फ गेल्याचं सांगितलं, "कदाचित राहिला नसता" हेही सांगितलं. मॅडमनी ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने, काही न वगळता, कारण हे असं सांगतात हे त्यांना एकदा ऐकू दे असं मला वाटलं. ते भिंतीला टेकले आणि रडायला लागले, येणारे-जाणारे बघत असताना. त्यांनी माझा हात शोधला. मी दिला नाही. मी रागाने फुलले होते म्हणून नव्हे. माझं स्वतःचं रडणं अजून व्हायचं होतं आणि ते मला त्यांच्यासमोर करायचं नव्हतं.